सराफ, हवाला आणि एक चिठ्ठी

छत्तीस वर्षे मी बँकेत नोकरी केली आणि त्या काळात रोज दहा ते सहा मी अर्धे अधिक अरबी बोलत होतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. शाखेत शिरल्याबरोबर शिपाई 'साहेब' म्हणून उठायचा तो शब्द अरबी. तो कुलूप उघडायचा ते कुलूपही अरबी. मूळ शब्द 'कुफ्ल', आपण त्याची अक्षरे उलटीपालटी केली. मग खातेदार यायचे, अर्ज द्यायचे, मी त्यावरची तारीख बघायचो, सही ताडायचो, कर्जाची मुदत विचारायचो, जामीन कोण राहणार ते विचारायचो, रक्कम मांडायचो, जमा किती, बाकी किती, वसूल किती, हिशेब लावायचो. अर्ज, तारीख, सही, कर्ज, मुदत, जामीन, रक्कम, जमा, बाकी, वसूल, हिशेब हे सारेच शब्द अरबस्तानातून निघून, इराणात मुक्काम करून, बहामनी आणि आदिलशाही दप्तरांच्या वाटेने आपल्याकडे आलेले. शिवाजीमहाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण बाजारातल्या आणि पेढीवरच्या शब्दांनी आपली जागा काही सोडली नाही.

एवढ्या प्रवासात शब्दांचे अर्थ सरकतात. 'रकम' म्हणजे अरबीत नुसता आकडा. आपल्याकडे तो आकडा पैसा झाला. 'सहीह' म्हणजे बरोबर, निर्दोष. आपल्याकडे ती सही झाली, मग मजकूर बरोबर असो वा नसो. 'गरीब' म्हणजे अरबीत परका, अनोळखी, परमुलखातला माणूस. आपण त्याला निर्धन करून टाकले, आणि परमुलखात गेलेल्या माणसाची स्थिती पाहिली तर यात फार मोठी चूक झाली असे म्हणवत नाही. सर्वांत मजा वाटली ती 'मंजूर'ची. अरबीत 'मंजूर' म्हणजे पाहिलेले, नजरेखालून गेलेले. आमच्या विभागीय कार्यालयात कर्जाची प्रकरणे सहा सहा महिने नजरेखालून जात असत, आणि पाहिलेले व मंजूर यांत किती अंतर असते हे मला कोणी अरबीतून शिकवण्याची गरज नव्हती.

या सगळ्या यादीत एक महत्त्वाचा शब्द मात्र नाही. व्याज. तो संस्कृत आहे, आणि संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, बहाणा, कपट असाही होतो. अरबांच्या धर्मशास्त्राने व्याज निषिद्ध मानले, त्यामुळे तो शब्द त्यांच्याकडून आला नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. भाषा इतक्या सरळ हिशेबाने चालत नाहीत.

शब्दांच्या या नादाने मी अरबांच्या व्यापाराविषयी वाचू लागलो. खरे तर एका कादंबरीची तयारी म्हणून वाचायला घेतले होते. कादंबरी झाली नाही. पण वाचता वाचता माझ्याच धंद्याचे पूर्वज भेटत गेले, आणि त्यांतला एक तर असा भेटला की तो आमच्याच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेला असावा असे वाटले.

त्याचे नाव नासिर खुसरो. तो अरब नव्हता, इराणी होता आणि फारसीत लिहीत असे. पण अकराव्या शतकातल्या अरब जगाचे इतके रोखठोक वर्णन फार थोड्यांनी केले असेल. सेल्जुकांच्या राज्यात, मर्व शहरी, तो महसुलाच्या कामावर अधिकारी होता. इ. स. १०४५ मध्ये एका स्वप्नाचे निमित्त होऊन त्याने नोकरी सोडली आणि सात वर्षे फिरत राहिला. जेरुसलेम, कैरो, मक्का. प्रवासवर्णनात त्याची हिशेबी नजर सुटत नाही. कुठे कशाचा भाव काय, कोणत्या गावची भिंत किती पावले, कोणाचे उत्पन्न किती, हे तो टिपून ठेवतो. देवळे-मशिदींची वर्णने करणारे प्रवासी पुष्कळ असतात. बाजारात उभे राहून देणेघेणे कसे चालते ते पाहणारा विरळा.

इजिप्तच्या दक्षिण टोकाला आस्वान येथे त्याची एका गृहस्थाशी ओळख झाली. तिथून तो तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरात जायला निघाला तेव्हा या गृहस्थाने आयधाबमधल्या आपल्या मुनिमाच्या नावे एक पत्र दिले. नासिरला जे लागेल ते द्यावे, त्याची लेखी पोच घ्यावी, हिशेब आपण पाहू. आयधाबला जहाजासाठी वारा मिळेना. तीन महिने काढावे लागले. पैसे संपले तेव्हा नाइलाजाने नासिरने ते पत्र बाहेर काढले. मुनिमाने पत्र पाहिले आणि म्हणाला, मालकाचे पुष्कळ येणे माझ्याकडे आहे, काय हवे ते सांगा. नासिरने शंभर मण पीठ घेतले (तिथला मण आपल्यापेक्षा पुष्कळ लहान), पोच लिहून दिली आणि ती आस्वानला गेली. तो आयधाब सोडण्यापूर्वीच आस्वानहून उलट टपाल आले: आणखी लागेल ते द्या, माझे शिल्लक नसेल तर तुमचे द्या, मी भरून देईन.

आम्ही ज्याला पतपत्र म्हणायचो आणि ज्यासाठी तीन प्रतींत अर्ज, मार्जिन आणि वरिष्ठांची शिफारस लागायची ते हेच. फरक एवढाच, की नासिरच्या पतपत्रावर रकमेची मर्यादाच नव्हती! असे पत्र मी मंजूर केले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो.

पुढे हज करून तो अरबस्तानच्या वाळवंटातून बसऱ्याकडे निघाला आणि वाटेत फलज नावाच्या मरूद्यानात चार महिने अडकला. जवळ दमडी नाही. दोन टोपल्या पुस्तके होती, पण ती घेतो कोण? शेवटी जवळच्या थोड्या रंगांनी त्याने मशिदीच्या भिंतीवर नक्षी काढून दिली, ती लोकांना आवडली आणि मोबदला म्हणून त्यांनी त्याला शंभर मण खजूर दिला. अखेर एक अरब त्याला व त्याच्या भावाला उंटावरून बसऱ्याला न्यायला तयार झाला. भाडे तीस दिनार, बसऱ्याला पोचल्यावर द्यायचे. आता गंमत अशी, की त्या गावात अख्खा उंटच दोन-तीन दिनारांना मिळत होता. मग भाडे तीस का? तर नासिरजवळ रोकड नव्हती आणि व्यवहार उधारीचा होता. व्याज निषिद्ध होते हे खरे. पण जोखमीची किंमत कुठेतरी लागतेच, ती इथे उंटाच्या पाठीवर बसून आली. नासिर तक्रार करीत नाही. हिशेबनीस माणूस, त्याला ते समजले असणार.

बसऱ्याला पोचल्यावरची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तीन महिने केस कापलेले नाहीत, अंगावर चिंध्या. पुस्तकांची झोळी विकून आलेली थोडी नाणी कागदात गुंडाळून त्यांनी हमामवाल्याला दिली, जरा जास्त वेळ अंग चोळू देईल या आशेने. त्याने त्यांना वेड्यांत काढून हाकलले, आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांनी दगड मारले. पुढे एका ओळखीच्या विद्वानामार्फत नासिरची गाठ अहवाजच्या वजिराशी पडली. त्याने कपड्यांसाठी तीस दिनार पाठवले, पुढे उंटवाल्याचे तीस दिनारही फेडले. काही दिवसांनी दोघे भाऊ पुन्हा त्याच हमामात गेले, तेव्हा सगळे अदबीने उठून उभे राहिले. सेवकांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात, परवा हाकलले ते हेच, असे अरबीत म्हटले. आपली भाषा यांना कळत नाही असा त्याचा समज. नासिरने अरबीतच सांगितले, होय, तेच आम्ही. बँकेच्या काउंटरवर मळक्या धोतराचा माणूस आला की आमच्याकडून काय होत असे ते आठवून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

पण माझ्या दृष्टीने बसऱ्याच्या वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा भाग फक्त दोन-तीन ओळींचा आहे. तिथे दिवसातून तीन ठिकाणी बाजार भरे. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे. आणि व्यवहार असा, की ज्याच्याजवळ काही असेल त्याने ते सराफाकडे ठेवायचे, त्याच्याकडून लेखी चिठ्ठी घ्यायची, मग लागेल ती खरेदी करायची आणि किंमत सराफावर ढकलायची. शहरात असेपर्यंत व्यापारी सराफाच्या चिठ्ठीशिवाय दुसरे काही वापरतच नसे. हे १०५१ च्या अखेरीचे बसरा!

'सराफ' हा शब्द आपण सोन्याचांदीच्या दुकानावर लावून मोकळे झालो. मूळ अरबीत 'सर्राफ' म्हणजे नाण्यांची अदलाबदल करणारा. आणि ती कला मोठी होती. अरबांनी चालवलेली नाणी मुळात त्यांची नव्हती. दिनार हा रोमन 'डिनेरियस', दिरहम हा ग्रीक 'ड्राख्मा'. (आपल्या कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत 'द्रम्म' येतो तो याचाच चुलतभाऊ, आणि 'दाम मोजला' म्हणतो तो दामही त्याच घरचा.) खलिफा अब्द अल-मलिक याने इ. स. ६९६-९७ मध्ये राजाचे चित्र वगळून केवळ अक्षरे असलेला सोन्याचा दिनार पाडला, वजन सव्वाचार ग्रॅम. हे नाणे इतके खात्रीचे ठरले की पुढच्या शतकात इंग्लंडमधल्या ओफा राजाने बगदादच्या दिनाराची नक्कल करून सोन्याचे नाणे पाडले. कारागिराला अरबी येत नव्हते. त्याने कलम्यासकट सगळा मजकूर उतरवला आणि मध्ये राजाचे नाव उलटे ठोकले. ब्रिटिश म्युझियममध्ये ते नाणे आहे. न कळणाऱ्या अक्षरांवरही माणसे विश्वास टाकतात, कारण ती अक्षरे असलेले नाणे याआधी कधी खोटे निघालेले नसते.

दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये वजीर अली इब्न ईसा याला दर महिन्याच्या सुरुवातीला फौजेचा पगार भागवायची पंचाईत पडे. अहवाज प्रांताचा वसूल हुंड्यांच्या रूपाने येई, पण त्यांची मुदत भरलेली नसे. तेव्हा यूसुफ इब्न फिनहास आणि हारून इब्न इम्रान या दोन यहुदी सराफांशी त्याने करार केला: महिन्याच्या आरंभी दहा हजार दिनार द्यावेत, तारण म्हणून अहवाजचा वसूल. खलिफा मुसलमान, सावकार यहुदी, आणि तारण शेतकऱ्यांनी अजून न भरलेला सारा. आम्ही याला बिल डिस्काउंटिंग म्हणायचो आणि ते आपल्याला इंग्रजांनी शिकवले असे समजायचो.

आणखी पश्चिमेला, सहारा वाळवंटाच्या पलीकडे, आज मॉरिटानियात असलेल्या औदागुस्त गावी इब्न हौकल नावाच्या भूगोलकाराने दहाव्या शतकाच्या मध्यात एक दस्तऐवज पाहिला. सिजिल्मासा (आजच्या मोरोक्कोत) येथील व्यापाऱ्याचे औदागुस्तच्या व्यापाऱ्याकडे असलेले येणे त्यात नोंदले होते, साक्षीदारांसह. रक्कम बेचाळीस हजार दिनार. मध्ये कित्येक आठवड्यांचे वाळवंट. इब्न हौकल पुढे इराकात आणि खुरासानात ही हकीकत सांगे तेव्हा लोक थक्क होत. अशा दस्तऐवजाला अरबीत 'सक्क' म्हणतात. आपला चेक हा या 'सक्क'चाच अवतार, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडेल. इंग्रजी कोशकार ते मानत नाहीत. त्यांच्या मते चेकचे मूळ बुद्धिबळाच्या 'शह' या फारसी शब्दात आहे, जो अरबांच्याच मार्फत युरोपात गेला. कोणत्याही वाटेने गेलो तरी वाटेत अरब भेटतोच, एवढे मात्र खरे.

आकड्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे म्हणून ती थोडक्यात उरकतो. जगाला 'अरबी आकडे' म्हणून माहीत असलेल्या अंकांना अरब स्वतः 'हिंदी आकडे' म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने भारतीय पद्धतीच्या अंकगणितावर पुस्तक लिहिले. मूळ अरबी हरवले, लॅटिन उरले. पण त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग कशावर आहे हे फार जणांना ठाऊक नसते. तो आहे वारसांच्या वाटणीवर. एक बाई नवरा, मुलगा आणि तीन मुली मागे ठेवून वारली, तर कोणाला किती? जगातले पहिले मोठे बीजगणित मृत खातेदाराच्या दाव्यांसाठी कामाला जुंपलेले होते, हे शाळेत कोणी सांगितले असते तर मी गणितात कदाचित बरा निघालो असतो.

आता 'हवाला'. अरबी धर्मशास्त्रात हा अत्यंत सोवळा शब्द आहे. माझे तुम्हाला देणे आहे, तिसऱ्याचे मला देणे आहे. मी माझे देणे त्याच्याकडे फिरवून देतो. म्हणजे हवाला. 'फिरणे, बदलणे' या धातूपासून तो आलेला. मराठीने त्याचे किती संसार केले पाहा. हवाली करणे, पुस्तकाचा हवाला देणे, चौकीवरचा हवालदार. (हवालदिल मात्र या कुळातला नाही. तो 'हौल' म्हणजे धास्ती या वेगळ्या शब्दावरून आला.) १९९६ साली वर्तमानपत्रांनी हा शब्द असा काही गाजवला, की तेव्हापासून हवाला म्हणजे गुन्हा असेच समीकरण झाले. कायद्याने तो आपल्याकडे गुन्हा आहेच, आणि बँकेचा माणूस म्हणून मी त्याची तरफदारी करणार नाही. पण १९८८ पासून चार वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका शाखेत होतो. अर्धे गाव आखातात. तिथे मला कळले, की बँकेचा ड्राफ्ट यायला पंधरा दिवस लागत होते तेव्हा काही घरांत पैसा दुसऱ्या दिवशी पोचत होता. कोण आणून देतो हे मी कधी विचारले नाही आणि मला कोणी सांगितले नाही.

आखाताशी आपला पैशांचा संबंध तसा जुना. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान या सगळ्या किनाऱ्यावर अर्ध्या विसाव्या शतकापर्यंत आपला रुपयाच चलन होता. कुवेतची मोठी गलबते बसऱ्याचा खजूर भरून मुंबईला आणि मलबारला येत, मलबारचे सागवान घेऊन परतत. मोत्यांचा बाजार मुंबईत. मग तिथून सोन्याची चोरटी आयात वाढली; त्या सोन्याच्या मोबदल्यात गेलेले रुपये परत येत आणि आपल्या रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या गेल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला तो एका दिनाराला तेरा रुपये पाच आणे चार पै, म्हणजे बरोब्बर एक पौंड या भावाने. बहारीनने १९६५ मध्ये रुपया सोडला, कतार आणि दुबईने १९६६ मध्ये, आपल्या अवमूल्यनाच्या वर्षी. ओमानने शेवटी, १९७० मध्ये. शब्द मात्र राहिले. ओमानच्या रियालाचे हजार भाग होतात आणि त्या भागाचे नाव आजही 'बैसा', म्हणजे आपला पैसा. अमिरातीतली जुनी माणसे दिरहमला 'रुबिया' म्हणत. आपण त्यांच्याकडून रक्कम घेतली, त्यांनी आपल्याकडून पैसा घेतला.

१९९० च्या ऑगस्टपर्यंत कुवेती दिनार साठ रुपयांच्या आसपास होता.

२ ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. आम्हाला बातमी रेडिओवर कळली. ३ तारखेला शुक्रवारी सकाळी शाखा उघडली तेव्हा गावातल्या एक चाची काउंटरपाशी उभ्या होत्या. नवरा कुवेतला एका बांधकाम सामानाच्या दुकानात कामाला, बारा वर्षे. जुलैच्या अखेरीचा अठरा हजारांचा ड्राफ्ट आदल्या दिवशी टपालाने आला होता. थोरल्या मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर. असे ड्राफ्ट आम्ही नेहमी खरेदी करीत असू, म्हणजे पैसे लगेच देऊन ड्राफ्ट वसुलीला मुंबईला पाठवत असू. चाचींचे असे कित्येक ड्राफ्ट मी डोळे मिटून घेतले होते. त्या दिवशी मी ड्राफ्टवरचे कुवेती बँकेचे नाव पाहिले आणि म्हटले, "चाची, हा आता वसुलीला पाठवावा लागेल. वटला की पैसे जमा होतील."

"कधी?"

"सांगता येत नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. पावती घेतली, घडी घालून बटव्यात ठेवली आणि गेल्या. दोन तासांनी मुंबईहून तारेने आदेश आला: कुवेतवरचे व्यवहार पुढील सूचनेपर्यंत थांबवावेत. माझा निर्णय बरोबर ठरला. व्यवस्थापकांनी शाबासकी दिली. लग्न ठरल्या दिवशी झाले. कापड, तांदूळ, मटण सगळे बाजारपेठेतल्या एका वाण्याने आणि एका खाटकाने वहीत मांडून दिले. वाण्याच्या वहीत काय लिहिले होते ते मी नंतर पाहिले. नाव, रक्कम आणि 'बाकी'. मुदत लिहिलेली नव्हती.

त्या पावसाळ्यात आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत कुवेतमधून माणसे परत येत राहिली. बगदादवरून, वाळवंटातून जॉर्डनमध्ये अम्मानपर्यंत, तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबई. एक लाखाहून अधिक लोकांना अशा रीतीने आणले गेले. नासिर खुसरो ज्या मुलखातून गेला त्याच्या आसपासच्याच वाटा या. काहींच्या हातांत दिनारांच्या नोटा होत्या. आमच्या शाखेला त्या घेण्याचा अधिकार नव्हता. कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतून नोटा लुटल्या गेल्या होत्या, इराकने कुवेती दिनार स्वतःच्या पडलेल्या दिनाराच्या बरोबरीला आणून मग रद्दच करून टाकला होता. १९९१ च्या मार्चमध्ये, मुक्त झालेल्या कुवेतने नव्या नोटा काढल्या आणि जुनी मालिका मागे घेतली. माझ्या काउंटरवर एका तरुणाने नोटांची पुरचुंडी सोडून दाखवली होती. मी त्या हातात घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर परत देणे आणखी जड गेले असते.

चाचींचे यजमान सप्टेंबरच्या शेवटी आले. ओळखू न येण्याइतके वाळलेले. नोटा नव्हत्या. एक कागद होता, वहीचे फाडलेले पान, त्यावर निळ्या शाईने अरबीत पाच ओळी आणि खाली सही. दुकानाच्या मालकाने निघताना लिहून दिलेला. त्यांनी मौलवींकडून तो वाचून घेतला होता: माझ्याकडे याचे पाच महिन्यांचे पगाराचे येणे आहे, इतके दिनार. मालकाकडेही रोकड नव्हती. बँका बंद होत्या.

"साहेब, याच्यावर काही मिळेल का? थोडंसं?"

मी कागद उलटसुलट पाहिला. मुद्रांक नाही, साक्षीदार नाही, तारीख हिजरी सनातली. लिहिणारा माणूस जिवंत आहे की नाही हे सांगायला कोणी नाही. मी नाही म्हटले. त्यांनाही तेच अपेक्षित होते. "नाय, चाची म्हणाली विचारून बघा, म्हणून आलो," एवढे म्हणून त्यांनी कागद घडी केला. ड्राफ्ट वर्षअखेरीस वटला. पैसे जमा झाले त्या दिवशी चाची आल्या, सगळे काढले आणि सरळ वाण्याकडे गेल्या.

१९९२ च्या सुरुवातीला यजमान पुन्हा कुवेतला गेले. दुकान लुटले गेले होते, पण मालक होता. त्याचा एक मुलगा इराकी सैन्याने नेला होता, तो परत आलेला नव्हता. ही हकीकत मला चाचींकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. घरात असा प्रसंग, तेव्हा आपल्या पगाराचा विषय काढायचा कसा, म्हणून यजमान गप्प राहिले होते. कागदही ते गावीच, पत्र्याच्या पेटीत ठेवून गेले होते.

माझी बदली झाली त्याच्या आधीच्या आठवड्यात चाची शाखेत आल्या. हातात ती निळ्या शाईची चिठ्ठी. कुवेतला रजिस्टर पोस्टाने पाठवायची होती, पाकिटावर इंग्रजी पत्ता मी घालून द्यावा अशी विनंती. मी पत्ता घातला आणि सवयीने म्हणालो, "चाची, आधी झेरॉक्स काढून ठेवा. मूळ कागद एकदा हातातून गेला आणि त्यांनी पैसे दिले नाहीत, तर तुमच्याकडे काय राहणार?"

चाचींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले.

"पैसे दिलेन त्याने. रमजानातच दिलेन, आपल्या तोंडाने इचारून. कागद ऱ्हायलाय आमच्याकडे, तो परत धाडायचाय."

मी पाकीट चिकटवले. पोस्ट समोरच होते. आमचा शिपाई चाचींबरोबर गेला आणि पोचपावती घेऊन आला.